एक चूल, एक हात

म्हशाच्या जत्रेला आपण देवासाठी जातो, असं कुंडलिक निमसे दरवर्षी सांगत. गोठ्यातले बैल विकून वर्षं लोटली होती, तरी बैलबाजारातून एक फेरी मारून दोनचार जनावरांचे दात तपासल्याशिवाय त्यांना देव पावत नसे. दर्शन उरकलं की सगळी मंडळी मुरबाडला, लेकीकडे जेवायला यायची. वर्षातली ही एकच पंगत अशी, जिला त्यांचे तिन्ही मुलगे एका ओळीत बसत. आणि हात धुवायला उठेपर्यंत कोण कुणाच्या बाजूचा, याची नवी मांडणी झालेली असे.

मागच्या साली विहिरीच्या पंपावरून झालं होतं. दोन हजार सहाच्या जत्रेला विषय होता सरिताचा ठराव.

सरिता ही धाकट्या रघूची बायको. पळसखोरचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा थोरल्या शेखरनेच तिला उभं केलं होतं. स्वतःची बायको उभी केली असती तर लोक म्हणाले असते, घरात घेतलं. भावजय उभी केली म्हणून म्हणाले, बघा, भावाला दिलं. सही तिची आणि डोकं आपलं, असा शेखरचा हिशेब, आणि तो बरेच दिवस जुळलाही. मग भात झोडून झाल्यावर एका बैठकीत सरिताने कुणाला न विचारता तोंड उघडलं. शेखरला ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं, आणि टपरीवाल्याला आधी कळलं याचाच त्याला जास्त राग आला.

ठराव असा होता. पळसखोर आणि वरचे पाडे मिळून दवाखान्याचा एकच निधी करायचा. झोडणी झाली की प्रत्येक चुलीने दोन पाट्या भात घालायचं. जमीन नसेल त्याने निधीच्या कामाला अंगमेहनत द्यायची. मग वर्षभर कुणीही आजारी पडो, मळ्यातला पडो की डोंगरावरचा, दवाखान्याचं देणं निधी देणार. आजाऱ्याने दारात खिसा चाचपायचा नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत निकाल लावायचा, आणि भात चुलीमागे घ्यायचं म्हणून मतही चुलीमागेच. एका चुलीचा एक हात, आणि तो हात चूल पेटवणारीचा. ग्रामसेवक म्हणाला, मॅडम, कायद्यात माणसं मोजतात, चुली नाही. सरिता म्हणाली, कायद्यात भाताची पाटीही नाही. आधी गावाचं ठरू दे, मग कायद्याचं बघू.

चूल पेटवणारीचा हात म्हटल्यावर पुरुष हसले होते. हात बायकोचा असला तरी खांदा आपलाच, असं प्रत्येकाला वाटलं.

लेकीच्या, रेश्माच्या पडवीत पानं मांडली होती. गावठी कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. शेखर पहिल्या घासापासून बोटांवर काहीतरी मोजत होता. वरचे पाडे सगळे बाजूने, त्यात शंका नव्हती. तिथून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो, त्यांना निधी पाहिजेच. रस्त्याकडची घरं विरोधात, कारण त्यांना वाटतं, आपलं भात डोंगर खाणार. रेल्वेत, कंपनीत असलेली घरं विरोधात, कारण त्यांना दवाखाना नोकरीवरच मिळतो. सगळं मोजून खालचं गाव थोडं वरचढ भरत होतं.

"पडणार," असं त्याने जाहीर केलं. "मुंबईत विधानसभेत जे कुणाला जमलं नाय, ते पळसखोरच्या शाळेत काय जमतं?"

"तिथं का जमलं नाय, ते तरी बघशील का?" संदेश म्हणाला. हा मधला, कसाऱ्याला रेल्वेत. "ज्यांचं जातं ते पुढच्या खुर्च्यांवर. ज्यांना मिळायचं ते दाराबाहेर."

"मंग तू कुणीकडनं?"

"मी कशाला कुणीकडनं? मला रेल्वेचा दवाखाना हाय. मी दोन पाट्या घालायच्या, आन माझं काय दुखलं तर कल्याणला जायचं. कुणासाठी घालायच्या?"

हे बोलताना संदेशने शेखरकडे नीट पाहून घेतलं. आपल्याला बोलतं करून दादा स्वतः काहीच म्हणत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. शेखरला पुढच्या साली जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, आणि पाड्यांच्या मतांवाचून ते शक्य नव्हतं. म्हणजे दादा ठरावाच्या विरोधात तोंड उघडणार नाही. दुसरीकडे शहापूरच्या ज्या डॉक्टरच्या दवाखान्यावर मजला चढत होता, त्याची वाळू आणि विटा दादाच्या ट्रकमधून जात होत्या. म्हणजे ठराव मंजूर झालेलाही त्याला नको. विरोध संदेशच्या तोंडून व्हावा आणि वाईटपणा रेल्वेच्या माथी जावा, अशी ती सोय होती. संदेशने पुढची भाकरी मोडली आणि गप्प बसायचं ठरवलं. आपल्या भावाला तो वाईट समजत नव्हता. फक्त त्याच्या पुढे चालायला त्याला आवडत नसे.

जावई महिपत वाढप बघत उभा होता. मुरबाडच्या पेठेत त्याचं औषधांचं दुकान, आणि ठरावाचा खरा अर्थ त्या पडवीत पहिल्यांदा त्यालाच कळला होता.

"सासरेबुवा, भात जाऊ द्या," तो म्हणाला. "सुटं गिऱ्हाईक येतं तेव्हा भाव मी सांगतो. सगळं गाव एका पिशवीनं आलं तर भाव गाव सांगणार. डॉक्टरला पण आन मला पण. माणसाला इथं पोटात कळ येत असली की तो भाव करत नाय. निधीला कुठं कळ येते?"

"म्हंजे चांगलं का वाईट?" कुंडलिकांनी विचारलं.

"गावाला चांगलं," महिपत म्हणाला आणि रस्सा आणायला आत गेला.

परत आला तो एक युक्ती घेऊनच. ठराव पडेल तेव्हा पडेल. पण पडला नाहीच तर निमशांच्या घरातून पाट्या किती जाणार? रेशनकार्डावर चुली चार. म्हातारा-म्हातारी एक आणि तीन भावांच्या तीन. ही चार कार्डं शेखरने तहसीलच्या खेपा घालून वेगळी करून आणली होती, रॉकेलसाठी. प्रत्यक्षात सगळ्यांचं सकाळचं पाणी म्हातारीच्या, म्हणजे सकुबाईच्या चुलीवरच तापत होतं आणि संध्याकाळचा भातही तिच्यावरच शिजत होता. मग चुली मोजायला ग्रामसेवक आला की एकच सांगायची. खोटं काय आहे त्यात?

शेखरची बोटं थांबली. आठऐवजी दोन पाट्या. त्याने महिपतकडे अशा नजरेने पाहिलं, जी तो सहसा आमदाराच्या माणसांसाठी राखून ठेवत असे.

"पाव्हणं, तुमी दुकानात उगाच बसता," तो म्हणाला.

रघू पंगतीच्या टोकाला होता. तो या सगळ्यात बोलला नाही. तो एरवीही बोलत नसे, म्हणून त्याचं न बोलणं कुणी धरलं नाही. जेवण झाल्यावर उठताना त्याने जांघेशी तळहात दाबून धरला आणि खांबाचा आधार घेतला. पावसाळ्यात लावणीला आवणाचे, भाताच्या रोपांचे मोठे भारे वाहिल्यापासून त्याचं आतडं उतरत होतं. डॉक्टरने हर्निया सांगितला होता, चिरावं लागेल, आणि जास्त दिवस ठेवू नका असंही. ते पावसाळ्यातलं सांगणं जानेवारीपर्यंत तसंच होतं.

आणि इथेच ठरावाच्या पोटातली खरी गोष्ट आहे, अशी घरातल्या प्रत्येकाची खात्री होती. सरिताला गावाचं काय पडलंय? नवऱ्याचं पोट गावाच्या भातावर शिवून घ्यायचंय. रेश्माने हे तोंडावर बोलून दाखवलं नाही, पण चुलीपुढे भांडी विसळताना आईजवळ पुटपुटली, की वयनी हुशार हाय हो, आपल्याला वाटलं त्याहून.

सकुबाईने हूं केलं. तिचा सरितावर विश्वास नव्हता, तसा तो कुणावरच नव्हता. माणूस गोड बोलला की ती पदराची गाठ चाचपून बघायची. सून ठराव मांडते आणि सासूला एका शब्दाने विचारत नाही, याचा अर्थ काय? निमशांची एक चूल झाली तर ती पेटवणारी आपण. म्हणजे हात आपला. मग ही आपल्याला का धरत नाही? पाया का पडत नाही? सकुबाईला हे न विचारणं विचारण्यापेक्षा जास्त संशयाचं वाटत होतं.

ती हात धुवायला मागच्या दारी गेली, तेव्हा न्हाणीच्या कुडापलीकडे शेखरचा आवाज आला. सरिताला त्याने बाजूला बोलावलं होतं. रघूही तिथेच होता, कारण त्याच्या चपलेचं टोक कुडाखालून दिसत होतं.

शेखर मऊ आवाजात बोलत होता. मऊ आवाज त्याने कंत्राटं घ्यायला लागल्यापासून शिकला होता. रघूचा खर्च मी उचलतो, तो सांगत होता, डॉक्टर आपला माणूस आहे, जत्रा संपली की आठवड्यात टाके घालून मोकळा. फक्त सव्वीस तारखेला ठराव पुढे ढकलायचा. अभ्यास समिती नेमायची. नाही म्हणायचंच नाही, समिती म्हणायचं.

"आन समितीवर कोण?" सरिताने विचारलं.

"मी हायच की."

रघूच्या चपलेचं टोक एकदा आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं.

"भावजी," सरिता म्हणाली, "तुमी यांचं कराल. मी नाय म्हणत नाय. उद्या पाड्यावरच्या नवशाच्या सुनेचं कोण करंल?"

"ते नवशानं बघायचं."

"मंग ठराव राहू दे."

सकुबाई ओले हात घेऊन तशीच उभी राहिली. सुनेने रघूकडे न बघताच नाही म्हटलं असावं, असं तिला वाटलं, आणि त्याचा तिला रागही आला. पण दुसरं काहीतरी त्या रागाच्या खाली होतं, आणि ते जुनं होतं. तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू शेखरने काढून आणला होता. चांगलं केलं, कुणी नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून दारात पाव्हणा आला की शेखर विचारायचा, आये, या बाबाच्या शर्टाची पट्टी कंच्या रंगाची गो? आणि तिने रंग सांगितला की तो पाव्हण्याकडे बघायचा. सांगितल्याशिवाय पाव्हण्याला चहा मिळत नसे. तिने पदराला हात पुसले आणि आत गेली. रेश्माने काय झालं विचारलं तेव्हा म्हणाली, काय नाय, पाणी गार हाय.

पुढच्या आठवड्यात ग्रामसेवक चुली मोजायला फिरला. निमशांच्या ओट्यावर कुंडलिकांनी त्याला गूळशेंगदाणे दिले आणि सांगितलं, एकच. आम्ही एकत्र हाव. ग्रामसेवक म्हणाला, रॉकेलला चार होत्या. कुंडलिक म्हणाले, ती रॉकेलची गोष्ट.

सरिता तिथेच सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.

आता ही युक्ती शेखरने कुणाला सांगितली नव्हती. गावात ती फुटली तर हात कमी होतील, एवढं त्याला कळत होतं. निमशांचे तीन हात गेले तरी रस्त्याकडची घरं ती तूट भरून काढत होती. त्याने मोजूनच एक चूल केली होती. पण संदेशने ती फक्त आपल्या साडूला सांगितली, त्यालाही दोन पाट्यांचा फटका बसू नये म्हणून. महिपतच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एकाला ती औषधाबरोबर मिळाली. कुंडलिकांनी कुणाला सांगितली नाही, पण ग्रामसेवकाला मोठ्याने सांगितली, आणि त्यांचा ओटा रस्त्याला लागून होता. खालच्या गावात कुंडलिक निमसे जे करतात ते फायद्याचंच असतं, ही समजूत फार जुनी. दोन दिवसांत रस्त्याकडची घरं एकेक करून एकत्र झाली. बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नसलेले भाऊ ग्रामसेवकापुढे एका चुलीचे निघाले. एका घरात तर सासूसुनेने त्याच दिवशी भांडण मिटवलं. निधी सुरू होण्याआधीच त्याचा एवढा तरी गुण आला.

वरच्या पाड्यांवर हे जमण्यासारखं नव्हतं. तिथे पोराचं लग्न झालं की तो वेगळं खोपटं बांधतो आणि वेगळी चूल मांडतो, ती रीतच आहे. नवशाने ग्रामसेवकाला आपल्या तिन्ही पोरांच्या चुली हात धरून दाखवल्या. ग्रामसेवक म्हणाला, अरे, खाली सगळे एक सांगतात, तुम्हीपण सांगा, भात वाचेल. नवशा विचारात पडला. मग म्हणाला, पोराची चूल नाय म्हणलं तर पोर ऐकंल, सून ऐकायची नाय.

प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. यादी वाचायला लागल्यावर शेखर पुन्हा बोटांवर मोजायला लागला, आणि अर्ध्यावरच त्याचा अंगठा बोटाच्या पेरावर थांबून राहिला. जिथे चार नावं यायची तिथे एक येत होतं. जिथे तीन, तिथे एक. खालचं गाव त्याच्या डोळ्यांदेखत आटत चाललं होतं. वरून मात्र बायका येतच होत्या, कडेवर पोरं घेऊन, आणि नवशाची बायको बाईजा त्यांना रांगेने बसवत होती.

त्याने संदेशकडे पाहिलं. संदेशने साडूकडे पाहिलं. साडू झेंड्याकडे बघत होता.

चर्चा फार झाली नाही. खालच्या एकाने विचारलं, सरकारने करायचं काम आपण का करायचं? नवशा उठून म्हणाला, सरकार करील तेव्हा आपण थांबवू, आमचं काय म्हणणं नाही. दुसऱ्याने विचारलं, डोंगरावरच्यांना आजार जास्त, त्यांनी पाट्या जास्त का घालू नयेत? त्यावर बाईजा म्हणाली, आजारी माणूस झोळीतून खाली आणायची मेहनत पाट्यांत मोजा, मग आमच्याच जास्त भरतील. लोक हसले, आणि प्रश्न विचारणारा खाली बसला. सरिता अध्यक्ष होती, तिला हात नव्हता. तिने एकदाही सासूकडे पाहिलं नाही.

ग्रामसेवकाने पाडा पाडा करत हात मोजले. खालच्या काही बायकांनी नवऱ्याने सांगितलं तसंच केलं, काहींनी हात अर्धाच वर केला आणि तो कुठल्या बाजूचा ते ग्रामसेवकाला दोनदा विचारावं लागलं. सरपंचांचं घर रिवाजाप्रमाणे शेवटी घेतलं. तोवर दोन्ही बाजू बरोबरीत आल्या होत्या. ग्रामसेवकाने बेरीज पुन्हा करून पाहिली, आणि मग सगळी सभा सकुबाईकडे वळली.

शेखरने तिला सकाळीच समजावलं होतं. बाजूनं कोण, विचारतील तेव्हा गप्प राहायचं. विरोधात कोण म्हटलं की वर करायचा. तिने मान हलवली होती. मान ती सगळ्यांनाच हलवायची.

"ठरावाच्या बाजूनं?" ग्रामसेवकाने विचारलं.

सकुबाईने हात वर केला. कोपर सरळ, बोटं जुळलेली, पोरं शाळेत करतात तसा.

"आता नाय गो," कुंडलिक खालच्या आवाजात म्हणाले. "मागनं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि हात तसाच ठेवला, ग्रामसेवकाने टिपून घेईपर्यंत.

घरी परतताना शेखरने तिला वाटेत गाठलं. तो रागावलेला नव्हता. तो हिशेब चुकलेल्या माणसासारखा कुठे चुकला ते शोधत होता. सुनेने काय सांगितलं तुला? काहीच नाही, ती म्हणाली. मग बाईजाने? तिच्याशी मी बोलत नाही, ती म्हणाली. मग का?

सकुबाई थांबली. चढ होता, दमही लागला होता.

"शेखर, माझा डोळा तू केलास. चांगला केलास. पण तो अजून तुझाच हाय, माझा झाला नाय. रघूचं पोट तरी त्याचं राहू दे."

शेखरने मागे वळून पाहिलं. पाड्यावरची माणसं येत होती, नवशा पुढे, आणि ती सगळी निमशांच्या अंगणाकडेच निघाली होती.

सरिता आणि रघू सगळ्यांच्या मागे होते. रघू सावकाश चालत होता.

"आता कधी?" त्याने विचारलं.

"काय कधी?"

"माझं."

सरिताने पदर नीट केला. "भात घालायचं झोडणी झाल्यावर. निधी सुरू दिवाळीनंतर."

रघू थांबला. एवढी गर्दी, एवढी मोजणी, आणि घरातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ज्याच्या पोटासाठी ठराव केला असं सगळे म्हणत होते, त्याच्या पोटाला या ठरावातून दिवाळीपर्यंत काहीच मिळणार नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"ठराव मीच लिवला ना."

"आन मुरबाडला दादाला नाय म्हणलीस. माझ्या देखत."

"म्हणले." ती दोन पावलं पुढे गेली. मग म्हणाली, "अजूनबी जा. जाऊन हो म्हणा. पण आता त्या बदल्यात द्यायला आपल्याकडं काय नाय. फुकट करतात का बघा."

हे ती चिडून म्हणाली की खरंच, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गेले कित्येक महिने ती रात्री त्याच्या कण्हण्याने जागी व्हायची आणि झोपेचं सोंग घ्यायची, कारण उठून बसली तर शेखरच्या दारात जाण्याशिवाय बोलण्यासारखं काहीच नव्हतं. रघू तिच्याकडे न बघता चालायला लागला. जरा वेगाने, असं तिला वाटलं.

निमशांच्या अंगणात पाड्यावरची सगळी माणसं उभी होती, रस्त्याकडचीही काही आली होती. शेखर ओट्यावर उभा होता. वाट चालता चालता त्याने नवी मांडणी करून टाकली होती. याबाबतीत त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. निमशांच्या चुलीने गावाची चूल राखली, तो सांगत होता. आमच्या आईने हात वर केला तो आमच्या घराला विचारून. ही सुरुवात पळसखोरची आहे, पण हे थांबणार नाही, आटगावपासून पार उंबरमाळीपर्यंत प्रत्येक गावात असाच एक निधी झाला पाहिजे, आणि त्यासाठी जिल्हा परिषदेत कुणीतरी बोलणारा पाहिजे. संदेश पायरीवर बसून पायातला काटा काढत असल्यासारखा खाली बघत होता. कुंडलिकांनी गूळशेंगदाण्याची परात बाहेर आणायला सांगितली.

"आजपासनं," शेखर म्हणाला, "या गावात आजारी माणूस खिशासाठी थांबायचा नाय. हा माझा शब्द हाय."

नवशाने मान डोलावली. बाईजा डोलावत नव्हती, ऐकत होती.

तेव्हा रघू गर्दीतून पुढे गेला. घाईने नाही, लोकांना बाजूला सरायला वेळ मिळेल अशा बेताने. ओट्याच्या पायरीशी आला आणि जांघेवर हात ठेवून उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होता म्हणून अंगण गप्प झालं. "निधी दिवाळीनंतर सुरू व्हायचा. माझं तेवढं थांबणार नाय. तू आता म्हणलास ना, कुणी थांबायचं नाय. तर तवर तू बघतोस ना माझं?"

शेखरने अंगणाकडे पाहिलं. सगळ्या पाड्यांनी त्याच्याकडे पाहिलं. परात घेऊन आलेली सकुबाई उंबऱ्यातच थांबली.

"अरे, विचारतोस काय?" शेखर म्हणाला. "भाऊ ना तू माझा."

"तसं नाय. सगळ्यांदेखत म्हणलास म्हंजे बरं. मंग मागनं त्याचा कुणी वेगळा अर्थ काढत नाय."

नवशा हसला. मग दोनचार जण हसले, आणि शेखरलाही हसावं लागलं. सोमवारीच शहापूरला जाऊ, तो म्हणाला, गाडी माझी. रघूने मान हलवली आणि परातीतून शेंगदाण्याची एक मूठ घेतली.

सरिता अंगणाच्या कडेला उभी राहून हे बघत होती. तिने त्याला जा म्हटलं होतं. लोकांदेखत विचार असं म्हटलं नव्हतं. मुरबाडला कुडाआड तो एक शब्द बोलला नव्हता. तेव्हा गप्प बसला तो लाजून, की तिथे बघायला कुणी नव्हतं म्हणून? या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने प्रत्येकाचा संशय घेतला होता, सासऱ्याचा, दोन्ही दिरांचा, नणंदेचा, नणंदेच्या नवऱ्याचा. एवढा एक माणूस तिने कधी मोजला नव्हता.

रघू शेंगदाणे चावत तिच्याकडे आला आणि उरलेले तिच्या तळहातावर ओतले. ती ते न खाता त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.